मुलाच्या हाडाच्या ऑपरेशनआधी रक्त कसं वाढवावं

मुलाच्या खुब्याचं, पायाचं किंवा मणक्याचं ऑपरेशन ठरलं की घरातले पैशाच्या आणि रजेच्या जुळवाजुळवीला लागतात. रक्ताचा विषय निघतो तो ॲडमिट व्हायच्या तोंडावर. मग हिमोग्लोबिन कमी म्हणून तारीख पुढे जाते. खुब्याच्या आणि मणक्याच्या ऑपरेशनात रक्त बरंच जातं, त्यामुळे तारीख मिळाली त्याच आठवड्यात तयारीला लागा. लोहाचं औषध नियमित दिलं तरी हिमोग्लोबिन महिनाभरात साधारण एखाद-दोन ग्रॅमनेच वाढतं. हाताशी सहा-आठ आठवडे हवेत.

१. आधी तपासणी. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ११.५ ग्रॅमपेक्षा आणि १२ ते १४ वर्षांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही नक्की करावी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मनाने लोहाचं औषध देणं घातक ठरू शकतं, म्हणून मेडिकलमधून परस्पर टॉनिक आणू नका.

२. मग औषध. डोस मुलाच्या वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. जंताची गोळी द्यायची का, हेही तेव्हाच विचारा. लोहाचं औषध दुधासोबत कधीच नको, लिंबूपाण्यासोबत द्या. दात काळे पडू नयेत म्हणून सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि लगेच चूळ भरायला लावा. शी काळी होते, त्याला घाबरू नका. बाटली मात्र कुलपात ठेवा. लहान भावंडाने गोड म्हणून पिऊन टाकली तर जिवावर बेतू शकतं.

३. ताट. सटाणा-देवळ्याकडचं डाळिंब कितीही लालबुंद असलं तरी त्यात लोह फार थोडं असतं. आवडीने खाऊ द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, अळिवाचे लाडू रोजच्या खाण्यात आणा आणि उसळीवर लिंबू पिळाच. लिंबाने किंवा पेरूने धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. घरात चालत असेल तर कलेजी आणि मटणातलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. जखम भरायला प्रथिनंही लागतात, म्हणून अंडी, डाळ, शेंगदाणे हवेतच. नागली कॅल्शियमसाठी उत्तम.

आणि सकाळचा चहा-टोस्ट आधी बंद करा. पोट भरल्यासारखं वाटतं, मूल नीट जेवत नाही आणि चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही. आपल्याकडे लहान मुलांनाही कपभर चहा सर्रास दिला जातो, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

४. चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी. आकडा हलला नसेल तर तेव्हाच सर्जनना गाठा. शिरेतून लोह देता येतं, पण त्यालाही वेळ लागतो. आकडा वाढला तरी औषध सोडू नका. शरीरातला साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे ऑपरेशननंतर औषध पुन्हा कधी सुरू करायचं हे घरी सोडताना विचारून घ्या.