यू-बूटमधलं कुणी न वापरणारं, बिघडलेलं डिव्हाइस-शोध फंक्शन कसं काढायचं

यू-बूटचा (बोर्ड चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम लोड करणारा प्रोग्रॅम) कोड वाचताना कधीतरी एखादं फंक्शन दिसतं, नावात फाइंड, काम काय तर डिव्हाइस शोधून द्यायचं, आणि जरा खोदलं की कळतं याला कुणीच कॉल करत नाही, वर आत बगपण आहे. मग वाटतं दुरुस्त करावं, किंवा राहू दे, कुठं त्रास देतंय. माझं स्पष्ट मत आहे की काढून टाका. पण काढायच्या आधी ते खरंच कुणी वापरत नाही हे पक्कं करायला लागतं, आणि खरी मेहनत तिथंच आहे.

आधी बग दाखवतो, कारण असल्या फंक्शनमध्ये हाच बग परत परत सापडतो. यू-बूटच्या ड्रायव्हर मॉडेलमध्ये एका यूक्लासची, म्हणजे एकाच प्रकारच्या डिव्हाइसच्या गटाची, सगळी डिव्हाइसेस फिरायला यूक्लास-फॉरईच-डेव्ह हा मॅक्रो आहे. लिहिणारा त्याचा लूप लावतो, आत नाव जुळवतो, जुळलं की ब्रेक, आणि लूपच्या खाली लिहितो की डेव्ह नल असेल तर मायनस ईनोडेव्ह (डिव्हाइस नाही, असा एरर कोड) परत दे. वाचायला एकदम बरोबर वाटतं. पण काहीच जुळलं नाही तर लूप संपल्यावर डेव्ह नल नसतोच! ही लिंक्ड लिस्ट गोल फिरून स्वतःच्या हेडपाशी, म्हणजे यादीच्या सुरुवातीपाशी, येते, आणि ते हेड असतं यूक्लासच्या स्ट्रक्चरमध्ये, डिव्हाइसच्या नाही. मॅक्रो त्या हेडच्या पत्त्यातून ठरावीक ऑफसेट वजा करतो आणि "हे घे डिव्हाइस" म्हणून भलत्याच मेमरीचा पॉइंटर हातात देतो. नलचा चेक आरामात पास होतो. लिनक्स कर्नलमध्येही हाच सापळा आहे, लूप संपल्यावर इटरेटर वापरायच्या याच सवयीवरून २०२२ मध्ये मोठी चर्चा झाली आणि त्यातूनच ५.१८ पासून कर्नल सी११ वर गेला.

आम्ही एका व्हेंडरच्या यू-बूट ट्रीवर (सगळ्या सोर्स कोडवर) काम करत होतो, त्यात असंच एक फंक्शन पडून होतं, ईप्रॉम (बोर्डवरची छोटी मेमरी चिप) शोधणारं. बरीच वर्षं कुणी हात लावला नाही. मग टीममधल्या एका नवीन मुलाला मॅक ॲड्रेस वाचायचा होता, त्यानं ग्रेप केलं, म्हणजे कोडमध्ये नाव शोधलं, तयार फंक्शन मिळालं, वापरलं, त्याच्या टेबलावरच्या बोर्डवर मस्त चाललं. दुसऱ्या व्हेरियंटच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) ईप्रॉमचा नोड डिसेबल्ड होता, म्हणजे काहीच जुळलं नाही आणि तोच भलता पॉइंटर हातात आला, आणि तो बोर्ड बूटच होईना, कन्सोलवर सिंक्रोनस ॲबॉर्ट (प्रोसेसरचा क्रॅश) आणि रिसेट, परत तेच. दोन दिवस गेले. (आर्म६४ वर असं झालं तर ईएलआरच्या, म्हणजे क्रॅश झाला तिथला पत्ता दाखवणाऱ्या, ज्या ओळीपुढे रीलॉक लिहिलेलं असतं त्यातला पत्ता ॲडर-टू-लाइनला द्या, थेट सोर्समधली ओळ मिळते.) त्या मुलाची काही चूक नव्हती, ट्रीमध्ये असलेला कोड चालतो असंच कुणीही धरून चालणार.

आता कामाला लागू. पहिलं, गिट ग्रेप, पूर्ण नावानं आणि सगळ्या ट्रीवर. नावापुढे कंस लावून शोधू नका, कारण ऑप्स स्ट्रक्चरमध्ये (ड्रायव्हरच्या फंक्शन्सची यादी) फंक्शन पॉइंटर म्हणून दिलेलं असेल तर तिथं कंस नसतो आणि तुम्हाला ते दिसणारच नाही. ग्रेपचा फायदा असा की तो इफडेफच्या, म्हणजे ठरावीक कॉन्फिगलाच लागू होणाऱ्या कोडच्या, आतलंही बघतो, कंपायलर मात्र तुमच्या एकाच कॉन्फिगपुरतं बघतो, म्हणून आधी ग्रेप आणि मग बिल्ड. असेंब्लीच्या फायली वगळू नका. मॅक्रोमध्ये डबल हॅशनं तुकडे जोडून नाव तयार होत असेल तर पूर्ण नाव कुठंच सापडणार नाही, त्यामुळे नावाचा अर्धा भाग घेऊनही एकदा शोधा. फंक्शन वीक असेल, म्हणजे दुसऱ्या कोडला ते बदलता येत असेल, तर एखादा बोर्ड त्याच नावानं स्वतःचं फंक्शन देत असतो, तेही बघा. स्टँडअलोन ॲप्लिकेशनसाठी जी एक्स्पोर्ट्सची यादी आहे तिच्यातपण.

मग गिट लॉगला कॅपिटल एस ऑप्शन देऊन तेच नाव शोधा. शेवटचा कॉलर कुठल्या कमिटमध्ये गेला ते कळतं, किंवा कॉलर कधी आलाच नव्हता हे कळतं. ही माहिती कमिट मेसेजमध्ये टाकायची आहे, जपून ठेवा.

काढताना फंक्शनची बॉडी उडवली आणि झालं असं होत नाही. हेडरमधलं डिक्लरेशन, त्याच्यावरची कॉमेंट, डॉक फोल्डरमधला उल्लेख, इफडेफच्या एल्सखाली असलेला रिकामा स्टब, टेस्टमध्ये असेल तर ती टेस्ट, हे सगळं सोबत जातं. फक्त त्याच्यासाठी असलेली स्टॅटिक फंक्शन्स कंपायलर वॉर्निंग देऊन दाखवतो, पण एकट्या पडलेल्या केकॉन्फिग (बिल्डची सेटिंग्ज) ऑप्शनबद्दल कुणी सांगत नाही, तो तुम्हीच शोधायचा.

बिल्ड दोनदा करायचं, बदलाच्या आधी आणि नंतर, वेगवेगळ्या आउटपुट फोल्डरमध्ये. सँडबॉक्स (कॉम्प्युटरवरच चालणारं यू-बूट) तर कराच, सोबत तुमचा खरा बोर्ड, आणि जमलं तर बिल्डमॅन या यू-बूटच्याच टूलनं बरेच बोर्ड एकदम. चेकसम जुळवत बसू नका, व्हर्जन स्ट्रिंगमध्ये कमिटचा हॅश असतो त्यामुळे तो बदलणारच. त्यापेक्षा दोन्ही बिल्डवर एनएम (बायनरीतल्या फंक्शन वगैरेंची नावं दाखवणारं टूल) चालवा, फक्त नावं काढून सॉर्ट करा आणि डिफ बघा. आर्मवर लिंकर न वापरलेली सेक्शन्स तसंही फेकून देतो, म्हणजे हे फंक्शन आधीच्या बायनरीतही नसायला हवं आणि डिफ रिकामा यायला हवा. आधीच्या यादीत ते नाव दिसलं तर थांबा, कुणीतरी वापरतंय, परत ग्रेपपासून सुरुवात करा.

टेस्टसाठी मेक क्यूचेक (झटपट टेस्ट) पुरेसं आहे, वेळ असेल तर मेक चेक (सगळ्या टेस्ट). खऱ्या बोर्डवर टाकताना ईएमएमसीला (बोर्डवरचं कायमचं स्टोरेज) हात लावू नका, एसडी कार्डवरून बूट करा. बीगलबोन ब्लॅक असेल तर एस२ बटण दाबून धरून पॉवर दिली की तो एसडी कार्डवरून उठतो, ईएमएमसीतलं जुनं यू-बूट सुरक्षित राहतं. प्रॉम्प्टवर डीएम ट्री चालवून आधीचं आणि आताचं आउटपुट ताडून बघा, प्रोब झालेल्या, म्हणजे सुरू करून वापरायला तयार झालेल्या, डिव्हाइसपुढे अधिकचं चिन्ह असतं, ते तसंच्या तसं दिसलं पाहिजे.

पॅच एकच ठेवा. एका पॅचमध्ये बग दुरुस्त आणि पुढच्यात फंक्शन गायब, असं करू नका, रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ जातो. मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा, कॉलर नाही, शेवटचा कधी गेला, आणि कोड का चुकीचा आहे, म्हणजे उद्या कुणी रिव्हर्ट करायला निघालं तर त्याला बग आधी दिसेल. त्याऐवजी काय वापरायचं तेही एका ओळीत सांगा. नावानं शोधायचं असेल तर यूक्लास-गेट-डिव्हाइस-बाय-नेम आहे, नोडवरून बाय-ऑफनोड, आणि गेटवाली फंक्शन्स डिव्हाइस प्रोब करतात, फाइंडवाली करत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, गेट-मेंटेनरनं पॅच कुणाला पाठवायचा त्यांची नावं काढा, साइन-ऑफ विसरू नका. यू-बूटचं रिलीज दर ३ महिन्यांनी येतं, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, आणि अशी साफसफाई रिलीजनंतर मर्ज विंडो उघडली की पाठवलेली बरी, आरसीच्या (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्यांच्या) काळात लोक बग फिक्समध्ये गुंतलेले असतात.

कुणी म्हणालं की आमच्या बाहेरच्या ट्रीमध्ये हे वापरतोय, तर त्याला तो लूपच्या खालचा नल चेक दाखवा, बहुतेक वेळा तो स्वतःच आपला कोड तपासायला धावतो. पॅच मर्ज झाला की तुमच्या ऑफिसच्या जुन्या ब्रँचवरपण तोच चेरी-पिक करा, कारण नवीन बोर्डचं काम सुरू होतं ते त्या ब्रँचवर, आणि नवीन माणूस ग्रेपही तिथंच करतो.