पाय गेलेली कोंबडी: ठेवायची की मरण देऊन यातनांतून सोडवायची?

एक पाय पुढे, एक मागे अशी फाकून पडली असेल तर मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची शंका घ्या; त्या लकव्यावर औषध नाही. पिल्लाची बोटं आत वळली असतील तर मात्र बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, ते वेळेत दिलं तर पाय सुधारतो. म्हणून आधी पशुवैद्याकडून निदान.

मग वही घाला. रोज सकाळी दाणे टाकण्याआधी टोपलीत बसवून वजन करा. पिसांमुळे वाळलेली कोंबडीही गुबगुबीत दिसते, तेव्हा छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. ते सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर मांस झडलंय. दीड किलोच्या कोंबडीचं आठवड्यात दीडशे ग्रॅम उतरलं की डॉक्टर गाठा. गळ्याखालची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही फुगलेली असेल, चोचीला आंबट वास येत असेल, तर खाल्लेलं पुढे सरकत नाही.

खरी नोंद ती स्वतःहून काय करते याची. डबा वाजला की मान वर करते का? चोचीने पिसं साफ करते का? कोरड्या मातीच्या घमेल्यात ठेवल्यावर अंग घुसळते का? भरवलेलं गिळते, हे भूक म्हणून धरू नका. माणूस फसतो तो इथेच.

बसून बसून छातीला जखम होते. जुन्या टॉवेलला पायांसाठी दोन आणि शीसाठी एक भोक पाडून झोळी करा. पंजे जमिनीला जेमतेम टेकावेत, दाणा-पाणी चोचीसमोर असावं. सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. एरवी तुसाचा जाड थर, ओला झाला की बदलायचा. शेपटीखालची पिसं कापा आणि पावसाळ्यात दिवसातून दोनदा उचलून बघा: शी चिकटली की माशी अंडी घालते, दुसऱ्या दिवशी अळ्या. इतर कोंबड्या टोचतात, पण एकटी कोंबडीही झुरते. मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा.

डॉक्टरांनी वेदनाशामक दिल्यावर तीन-चार दिवसांत खाणं वाढलं, तर अडचण दुखण्याची होती. औषध चालू असताना अंडी खायची की नाही, तेही त्यांनाच विचारा.

कुठे थांबायचं ते आत्ताच वहीत लिहून ठेवा: दोन दिवस आपणहून न खाणं, गार सकाळीही चोच उघडून धापा टाकणं, जखम भरून पुन्हा पुन्हा उघडणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि सोडवायचं का ते विचारा. इंजेक्शनने सोडवलेली कोंबडी खाऊ नका, कुत्र्यालाही घालू नका. उकरली जाणार नाही इतकी खोल पुरा.