जुन्या डबा टीव्हीचं चित्र बिघडलंय? मग या चुका टाळा

गावाकडच्या घरात नाहीतर आजीच्या खोलीत अजून पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे आणि तो मस्त चालतोय अशी बरीच घरं आहेत, पण चित्राला जरा काही झालं की सगळे एकच बोलतात, ट्यूब गेली, द्या भंगारात. थांबा जरा. ट्यूब म्हातारी होते ती हळूहळू होते, चालू केल्यावर चित्र यायलाच वेळ लागतो, आलं तरी अंधुक, आणि ब्राइटनेस वाढवला की पांढरे भाग चंदेरी होऊन पसरतात. हे नसेल तर बिघाड बहुतेक दुसरीकडे आहे आणि खूपदा तो टीव्हीच्या बाहेरच असतो.

पहिली चूक म्हणजे सिग्नल न तपासता टीव्हीला हात लावणं. पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील आणि वायर छतावरच्या ॲंटेनाची असेल तर तो फिरवून काही होणार नाही, दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झालेत. सेटटॉप बॉक्स लावा आणि टीव्ही एव्हीवर, म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या इनपुटवर घ्या. आता बॉक्स लावला आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर लोक लगेच म्हणतात कलर गेला, पण आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये बघा, तिथे एनटीएससी (अमेरिकेकडची रंगीत चित्राची पद्धत) असेल तर पाल (PAL, आपल्याकडची पद्धत) करा कारण आपल्याकडचे बरेच जुने सेट फक्त पालच ओळखतात, एनटीएससी दिलं की रंग जातो आणि काही सेटवर चित्र वरखाली पळतं. दुसरं, पिवळी पिन चुकून हिरव्या भोकात गेली असेल तरी रंग येत नाही किंवा चित्रच धड येत नाही. आणि एका टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन असलेली केबल असेल तर सगळ्या केबलींची आतली जोडणी सारखी नसते, पिवळी लावून चित्र नाही आणि स्पीकरमधून घर्रर्र आवाज येतोय तर लाल किंवा पांढरी पिन पिवळ्या भोकात लावून बघा, खूपदा तिथेच प्रश्न सुटतो. माणसं उभी लांबुळकी दिसत असतील तर बॉक्समध्ये १६:९ च्या जागी ४:३ करा, बस.

रंगांचं मात्र नीट बघायला लागतं. कोपऱ्यात हिरवा जांभळा डाग आहे की सगळं चित्रच एका रंगाचं झालंय, हा फरक आधी ओळखा. डाग असेल तर जवळ लोहचुंबक आहे, म्हणजे बहुतेक बाजूला ठेवलेला म्युझिक सिस्टीमचा स्पीकर, त्यामुळे काचेमागची भोकाभोकांची पातळ जाळी चुंबकित होते आणि इलेक्ट्रॉन चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतात. स्पीकर लांब करा. डाग घालवायला दुसरं लोहचुंबक फिरवू नका, तो वाढेल. टीव्हीत जाळीतलं हे चुंबकत्व घालवणारी डीगॉसिंग कॉइल असते, चालू करताना जो धुम्म आवाज येतो ना तो तिचाच. पण बऱ्याच सेटमध्ये नुसतं रिमोटनं बंदचालू केलं की ती काम करत नाही, मेन स्विच बंद करून अर्धा तास गार होऊ द्या मग चालू करा, असं काही वेळा केलं की डाग फिका पडत जातो. मुळीच फरक नसेल तर या कॉइलला करंट सोडणारा पोझिस्टर गेला असेल, छोटासा पार्ट आहे, मेकॅनिक बदलून देईल.

सगळं चित्र पिवळट असेल तर निळा गेलाय, निळसर हिरवं असेल तर लाल गेलाय, आणि जांभळट गुलाबी असेल तर हिरवा गेलाय. ट्यूबच्या मानेवर जी छोटी प्लेट असते तिच्यावरचा ट्रान्झिस्टर किंवा सुटलेलं सोल्डर हे याचं नेहमीचं कारण, त्यामुळे लगेच ट्यूबचा भाव काढत बसू नका.

पावसाळ्यातली एक तक्रार कोकणात तर हमखास ऐकायला मिळते, टीव्ही लावला की चित्र धूसर आणि पाचदहा मिनिटांनी आपोआप स्वच्छ. इथे लोक मागून हात घालून एलओटीवरचा (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फोकसचा नॉब फिरवतात आणि मग थंड असताना बरं दिसणारं चित्र गरम झाल्यावर बिघडतं. दोष असतो ट्यूबच्या बेसमध्ये, म्हणजे मानेवरच्या सॉकेटमध्ये, तिथे फोकसच्या पिनपाशी ओल आणि गंज धरतो, उष्णतेनं ओल सुकली की चित्र सुधारतं. बेस बदलायचा, नॉबला हात लावायचाच नाही. त्याच्या शेजारचा स्क्रीनचा नॉब तर अजिबात नको, तो वाढवला की उजेड वाढल्यासारखा वाटतो पण काळ्याचा राखाडी होतो आणि तिरप्या पांढऱ्या रेघा दिसायला लागतात, वर ट्यूबवर ताण येतो तो वेगळाच.

मधोमध एकच आडवी चकाकती रेघ आली तर टीव्ही तसाच चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका. व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र वरखाली पसरवणारा भाग बंद पडलाय, इलेक्ट्रॉनचा सगळा मारा त्या एका रेघेवर होतोय आणि तिथला फॉस्फर, म्हणजे काचेवरचा चमकणारा थर जळून कायमचा डाग राहतो. ताबडतोब बंद करा, दुरुस्ती सहसा आयसी, एखादा कपॅसिटर किंवा सोल्डर एवढीच असते.

आणि ती थाप! थाप मारली की चित्र येतं हे खरं आहे, कारण आत कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेलं सोल्डर आहे आणि हादऱ्यानं तेवढ्यापुरता जोड लागतो. पण दर थापेला तो अजून सैल होतो, तिथे ठिणगी पडते, बोर्ड काळा पडतो आणि दहा मिनिटांत रीसोल्डर होणारं काम मोठं होऊन बसतं. कुठे थोपटलं की चित्र येतं एवढं लक्षात ठेवा आणि थाप बंद करा.

मागचं झाकण घरी उघडू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. कलर ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी तो चार्ज ट्यूबमध्ये राहू शकतो, मेन कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी असतो तो वेगळा. ट्यूबची मान नाजूक असते, आत निर्वात पोकळी, धक्का लागला तर ट्यूब कायमची गेली. बाहेरून धूळ झटका, पण ओल्या फडक्यानं मागच्या जाळ्या पुसू नका, आणि विणलेला रुमाल टीव्हीवर घालायचाच असेल तर निदान टीव्ही चालू असताना हवेची भोकं उघडी ठेवा.

मेकॅनिकला फोन करायच्या आधी मोबाईलवर चित्राचा छोटा व्हिडिओ काढा, टीव्ही थंड असतानाचा एक आणि अर्ध्या तासानंतरचा एक, आणि आवाज येतोय का, चर्रचर्र होतंय का, बिघाड थंडपणी आहे की गरम झाल्यावर, पाऊस पडल्यावर वाढतो का, हे पण सांगा. रेघ आली असेल तर मात्र व्हिडिओसाठी सुद्धा टीव्ही चालू ठेवू नका, नुसतं तोंडी सांगा.