मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरवणारे थेंब कसे घालावेत

शस्त्रक्रियेनंतर घरी येताना सोबत बहुधा दोन-तीन बाटल्या येतात. एक प्रतिजैविकाची, एक प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडची आणि अनेकदा नेपाफेनॅक किंवा केटोरोलॅक या स्टेरॉइड नसलेल्या सूजविरोधी औषधाची. बाटल्या एकसारख्या दिसतात आणि लेबलावरची अक्षरे बारीक असतात, म्हणून चिठ्ठी समोर धरून प्रत्येकीवर नाव, वेळा आणि झाकण उघडल्याची तारीख ठळक लिहून चिकटवावी.

थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. प्रेडनिसोलोन अॅसिटेट आणि नेपाफेनॅक यांची बाटली नीट हलवावी, कारण औषधाचे कण तळाशी बसतात आणि न हलवता घातल्यास डोळ्यात औषध कमी जाते. मान मागे टाकून खालची पापणी हलकेच खाली ओढावी, तिथे होणाऱ्या खोबणीत एकच थेंब सोडावा आणि बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नये. दुसरा थेंब गालावर ओघळण्यापलीकडे काही करत नाही. त्यानंतर डोळा न आवळता एक-दोन मिनिटे मिटून ठेवावा. दुसरे औषध किमान ५ मिनिटांनी घालावे, आणि मलम असल्यास ते सर्वांत शेवटी.

खरी गफलत होते ती वेळापत्रकात. स्टेरॉइडचे थेंब बहुधा टप्प्याटप्प्याने कमी केले जातात, उदाहरणार्थ पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. मात्र आपल्या चिठ्ठीत असेल तोच क्रम पाळावा. डोळा पांढरा दिसू लागला म्हणून थेंब मध्येच सोडल्यास आतली सूज उलटू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) मध्यभागी सूज येण्याचा धोका त्यांना अधिक असतो आणि ती अनेकदा शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी दिसते. पुण्यात दुपारचा थेंब हमखास वामकुक्षीत हुकतो, तेव्हा मोबाइलवर गजर लावलेला बरा. हुकलेला थेंब आठवताच घालावा; पुढची वेळ जवळ आली असल्यास सोडून द्यावा, दुप्पट घालू नये.

याच्या उलट, बरे वाटते म्हणून जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणणे अधिक धोक्याचे आहे. स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि तो दुखत नसल्याने तपासणीशिवाय कळत नाही. काचबिंदू, संधिवात, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा अॅस्पिरिनने उठणारा दमा असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

एप्रिल-मेच्या उन्हात बाटली स्कूटरच्या डिकीत राहू देऊ नये. उपचार संपल्यावर उरलेले औषध टाकून द्यावे, शेजाऱ्यांच्या लाल डोळ्यासाठी देऊ नये.

वेदना वाढणे, लाली वाढणे, नजर अंधूक होणे, प्रकाशाचे झोत किंवा अचानक काळे ठिपके दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालयात फोन करून लगेच डोळा दाखवावा.