अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी

म्हातारपण लांबणीवर पडावे म्हणून अँटिऑक्सिडंटच्या (पेशींची झीज रोखणाऱ्या जीवनसत्त्व ई, सी यांसारख्या घटकांच्या) गोळ्या घ्यायचे मनात असेल, तर आधी बाटलीमागचे लेबल वाचावे. तारुण्याचे आश्वासन पुढे आणि मात्रा मागे छापलेली असते. जीवनसत्त्व ई चेच पाहा: प्रौढांना दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम पुरते, तर ४०० आययूच्या (आययू हे जीवनसत्त्वे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) नैसर्गिक ई च्या एकाच कॅप्सूलमध्ये ते सुमारे २६८ मिलिग्रॅम असते. मल्टिव्हिटॅमिनही चालू असेल तर त्यातले ई यात मिळवावे.

धूम्रपान करणाऱ्यांनी, किंवा पूर्वी केलेल्यांनी, बीटा कॅरोटीनची (शरीरात जीवनसत्त्व ए मध्ये बदलणाऱ्या अँटिऑक्सिडंटची) गोळी घेऊच नये. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होणे दूरच, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाले.

फ्री रॅडिकल्समुळे, म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात त्या शरीरातील अतिक्रियाशील रेणूंमुळे, पेशींची झीज होते आणि त्यातून वार्धक्य येते, हा सिद्धांत अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. तो आकर्षक आहे, पण त्यावरून काढलेला ‘गोळी घ्या, आयुष्य वाढवा’ हा निष्कर्ष मात्र टिकला नाही, कारण शरीर याच रेणूंचा संदेशासारखा उपयोगही करून घेते. २००९ च्या एका प्रयोगात व्यायामाच्या जोडीला रोज १,००० मिलिग्रॅम जीवनसत्त्व सी आणि ४०० आययू ई घेणाऱ्यांत व्यायामामुळे इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दिसलीच नाही. म्हणून नियमित व्यायाम करणाऱ्याने एवढ्या मोठ्या मात्रा टाळाव्यात, असे माझे मत आहे. आयुर्मानाचे म्हणाल, तर ७८ चाचण्यांतील जवळपास तीन लाख लोकांच्या माहितीचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये घेतलेला आढावा गोळ्यांनी मृत्यू टळतात असे सांगत नाही. बीटा कॅरोटीन आणि ई यांनी ते किंचित वाढत असावेत, असेच त्यातून दिसते.

अपवाद आहे तो डोळ्यांचा. वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा) ऱ्हास मध्यम टप्प्यावर असेल, तर ल्युटीन, झियाझॅन्थिन (ही दोन्ही वनस्पतींतील पिवळी रंगद्रव्ये), सी, ई, जस्त आणि तांबे यांचे ठरावीक मिश्रण तो पुढे सरकण्याचा वेग कमी करते. मात्र ते नेत्रतज्ज्ञाने तपासून सांगितल्यावरच घ्यावे.

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांना ई च्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तर मुतखडा होऊन गेलेल्यांना सी ची मोठी मात्रा त्रासदायक ठरू शकते. कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर घरातली प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.