घाटात इंजिन वाजायला लागलं तर

मी औषधांचा एमआर. साताऱ्याहून वाई, तिथून पाचगणी, महाबळेश्वर आणि संध्याकाळी परत, म्हणजे दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर ठरलेले. मोटरसायकल १५० सीसीची, एअर कूल्ड, ५८ हजार किलोमीटर झालेली. आदल्या संध्याकाळी ऑइल बदलून घेतलं होतं. जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टाखाली जुनाच वॉशर पुन्हा बसवला गेला, आणि मीही समोर चहा पीत उभा असून बघितलं नाही.

पसरणी घाटात निम्म्यावर वरच्या बाजूने टकटक सुरू झाली. वाटलं, टॅपेट (व्हॉल्व्हजवळचे फट जुळवायचे स्क्रू) ढिले झाले असतील. पाचगणीत डॉक्टरांची अकराची वेळ होती, वर जेमतेम चार किलोमीटर राहिले होते. रेटली. दोनएक किलोमीटरवर तो आवाज वरून उतरून इंजिनच्या पोटात गेला, जड झाला, आणि एका वळणावर मागचं चाक धरलं गेलं. क्लच दाबला म्हणून अंगावर काही आलं नाही. छोट्या हत्ती टेम्पोतून गाडी साताऱ्याला आणली. गॅरेजच्या वस्तादांनी खालून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि एकच प्रश्न विचारला, "आवाज आल्यावर किती चालवलीस?" त्या प्रश्नाचं उत्तर १४ हजारांना पडलं. टकटक सुरू झाली तिथेच थांबलो असतो, तर फार तर कॅम आणि रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या भागांवर भागलं असतं.

वस्तादांच्या हाताखाली बसून ते इंजिन उघडताना आणि पुन्हा बांधताना जे कळलं, ते लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑइल असणं वेगळं आणि ऑइलचा दाब असणं वेगळं. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि बारीक वाटांनी क्रँककडे (पिस्टनच्या ताकदीने फिरणारा खालचा दांडा) आणि वर हेडमध्ये (इंजिनचा सर्वांत वरचा भाग) कॅम-रॉकरकडे ढकलतो. टाकीला पाणी कमी पडलं की आधी शेवटच्या आळीचा नळ कोरडा पडतो, तसं इथेही हेड आधी सुकतं. म्हणून पहिला आवाज जवळजवळ नेहमी वरून येतो आणि माणूस टॅपेटवर ढकलून मोकळा होतो. ढिल्या टॅपेटचा आवाज महिनोनमहिने हळूहळू वाढतो. चालत्या गाडीत पाच मिनिटांत उगवलेली टकटक सहसा टॅपेटची नसते. बहुतेक कम्युटर गाड्यांना ऑइल प्रेशरचा लाल दिवा नसतो. आपला दिवा म्हणजे आपले कान, आणि माझ्या एका कानात त्या दिवशी इअरफोन होता.

असा आवाज आला, किंवा दिवा असलेल्या गाडीचा दिवा चालताना लागला, की ॲक्सिलरेटर सोडा, क्लच पूर्ण दाबा, किल स्विच मारा आणि गाडी कडेला घ्या. हे याच क्रमाने करा. इंजिन जाम झालं तरी क्लच दाबलेला असला की चाक मोकळं राहतं. घाट उतरत असाल तर तसेच उताराने ब्रेकवर खाली या, पण गिअरमध्ये टाकून नको, कारण मग बंद इंजिनही कोरडंच फिरतं. आणि थांबल्यावर "बघू तरी आवाज कशाचा येतोय" म्हणून परत स्टार्टर दाबू नका. तो मोह आवरणं या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे. बघायला चार जण जमतात आणि चौघेही "मार की एक किक" म्हणतात.

पाच मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या आणि लेव्हल बघा. काच असेल तर दोन रेघांच्या मध्ये हवी. डिपस्टिक असेल तर पुसून घाला. काही गाड्यांत ती फक्त टेकवून मोजायची असते, काहींत आटे आवळून. आपल्या गाडीचं पुस्तक एकदा उघडून हे बघून ठेवा, कारण तेवढ्यानेही लेव्हल चुकीची दिसते. या गाड्यांत ऑइल असतं साधारण लिटरभर. पाव लिटर गेलं म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि चढावर उरलेलं ऑइल मागे सरकलं की काही इंजिनांत जाळी हवा ओढायला लागते.

लेव्हल उतरली असेल तर खाली वाकून वाट शोधा. ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण, किक शाफ्टचं सील, गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील आणि टॅपेट कव्हरचा रबर, एवढ्या जागा बघा. कुठेच ओल नसेल तर गाडी ऑइल खाते आहे. हायवेला ८०-९० ने रोज पळणारी जुनी १५० सीसी हजार किलोमीटरला बरंच ऑइल गुपचूप पिऊन टाकते, आणि मालक मात्र पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख मोजत बसतो.

आवाज आलेलाच नव्हता, फक्त लेव्हल कमी दिसली, तर ऑइल भरून, गळती बंद करून निघायला हरकत नाही. पण आवाज आला असेल तर ऑइल भरलं तरी गाडी दुसऱ्या गाडीतून न्या.

लेव्हल बरोबर आहे आणि तरी वाजते, तेव्हा संशय पंपावर. यासाठी प्रेशर गेज नसलं तरी चालतं. यामाहाच्या एफझीसारख्या गाड्यांत हेडवर ऑइल तपासायचा एक बोल्ट दिलेला असतो. तो थोडा सैल करून इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता चालू ठेवलं की तिथून ऑइल पाझरायला हवं. एका मिनिटात आलं नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. ही परीक्षा इंजिन अजून वाजत नसेल तरच करा. वाजलेल्या इंजिनाची करायची असेल तर स्पार्क प्लग काढा, टॅपेटचं झाकण उघडा आणि किक मारत रॉकरकडे बघा. पंधरा-वीस किकांनंतरही वर कोरडं ठणठणीत असेल तर उत्तर मिळालं.

जाम झालेल्या इंजिनाच्या किकवर उड्या मारू नका आणि गिअर टाकून ढकलूही नका. तास-दोन तासांत ते गार होतं, पिस्टन आखडतो आणि किक एकदम मोकळी बसते. लोक पेढे वाटायच्या बेतात असतात. पण आत पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेलं असतं, आणि त्यावर पुढचा प्रवास केला की ब्लॉकपुरतं, म्हणजे सिलिंडरपुरतं असलेलं काम क्रँकपर्यंत जातं.

गॅरेजला पोचल्यावर उरलंसुरलं ऑइल जुन्या पांढऱ्या बनियनच्या फडक्यातून गाळा. फडक्यावरची चमक बोलते. लोहचुंबक फिरवा. जे चिकटेल ते लोखंड-पोलाद, म्हणजे बेअरिंग, गिअर, रॉकर, रिंगा. न चिकटणारी चंदेरी पूड म्हणजे ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा हेड. पिवळसर कण दिसले तर एखादा बुश. काळपट-तपकिरी तंतू क्लच प्लेटचे असतात, त्यांना घाबरू नका. कागदी फिल्टर असेल तर तो कापून घड्या उलगडून बघा, खरा माल तिथे अडकलेला असतो.

मग वरून खाली उघडत या. आधी कॅम आणि रॉकरचे घासणारे पृष्ठभाग. आरशासारखे गुळगुळीत हवेत. खड्डे, ओरखडे किंवा निळसर झाक दिसली तर ते जळले. ज्या इंजिनांत कॅम थेट हेडच्या ॲल्युमिनियममध्ये फिरतो, तिथे ती बैठक गेली तर हेडच बदलावं लागतं. बॉल बेअरिंगवर फिरत असेल तर नशीब. पुढे पिस्टन. सायलेन्सरकडच्या बाजूला उभे राखाडी ओरखडे असतात. बोअरवर नख आडवं फिरवा. नख अडकलं की रिबोअर (बोअर किंचित मोठा करून घेणं) किंवा नवा ब्लॉक. मात्र बोअरला कोटिंग असलेले किंवा आर१५ सारखे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे ब्लॉक बोअर करता येत नाहीत. लेथवाला "करून देतो" म्हणाला तरी देऊ नका.

आता पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. क्रँक फिरवून रॉड वर आणा, दोन्ही हातांनी धरून उभा, वर-खाली हलवा. उभा खेळ, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नको. डाव्या-उजव्या बाजूला थोडा सरकतो, तो सरकायलाच हवा. माझा रॉड खालच्या टोकाला मोरपंखी निळा पडला होता आणि हलवला की टक्क वाजायचा. इथे बहुतेक गॅरेजांत "हाफ इंजिन करू (फक्त वरचा भाग बदलू), खालचं चालून जाईल" असा सल्ला मिळतो. पैसे वाचतात हे खरं. पण जाम झालेल्या इंजिनाची पूड सगळीकडे गेलेली असते, त्यामुळे रॉड ठीक वाटला तरी क्रँककेस उघडून धुतल्याशिवाय वरचे नवे भाग चढवणं मला पटत नाही. वस्तादांनी क्रँक लेथवर पाठवून नवी रॉड किट दाबून घेतली.

नवे भाग आणण्याआधी कारण सापडलंच पाहिजे. माझं उघड होतं, ड्रेन बोल्टाच्या जुन्या वॉशरमधून ऑइल सांडलं. पण लेव्हल असून जळालेलं इंजिन असेल तर पंप उघडा. आतल्या चांदणीवर (पंपाच्या फिरत्या चाकावर) नखाला लागतील एवढे ओरखडे असतील तर पंप बदला, त्यात काटकसर नको. काही गाड्यांत पंपाचा गिअर प्लास्टिकचा असतो, त्याचे दात मोजा. जाळी बघा. वस्तादांनी एका जाळीतून गांडुळाएवढा सिलिकॉनचा तुकडा काढून दाखवला, कुणीतरी कव्हर बसवताना टूथपेस्टसारखी ट्यूब पिळलेली. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत क्लच कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला गोल फिरता फिल्टर असतो, तो वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही आणि आत शेणासारखा थर बसतो. उजव्या कव्हरचं गॅस्केट ऑइलच्या भोकावर तर आलेलं नाही ना, तिथली छोटी ओ-रिंग आहे ना, आणि क्रँकच्या टोकाशी कव्हरमध्ये सील असेल तर ते नवं टाकलं ना, हेही बघा. ते सील फाटलं की वर ऑइल दिसतं, रॉड मात्र उपाशी राहतो. सगळ्या वाटा रॉकेलने धुऊन कंप्रेसरची हवा मारा, आणि हवा दुसऱ्या टोकाला बाहेर येते का ते बोट लावून बघा.

बांधताना पंपात ऑइल भरा. कॅम, रॉकर, रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन, सगळ्यांना ऑइल चोळा. ड्रेन बोल्टाला नवा वॉशर, आणि आवळताना पाना लहान घ्या. ॲल्युमिनियमचे आटे गेले की हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) मारण्याची वेळ येते. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणि डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. कारसाठीच्या काही पातळ ऑइलने क्लच घसरतो. "घाटात पळवायची तर जाड टाक" हा सल्लाही मी आता ऐकत नाही.

लगेच स्टार्ट करू नका. प्लग बाहेर ठेवून किक मारत राहा. किक नसलेली गाडी मेन स्टँडवर टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे फिरवा. टॅपेटच्या झाकणातून रॉकर ओला दिसेपर्यंत हे चालू द्या. आमचे हात भरून आले, बेचाळीस किका मोजल्या. मग प्लग लावून आयडलला सुरू, वरून ऑइल येतंय ना ते बघून बंद, पाच मिनिटांनी लेव्हल, जेवढं उतरलं तेवढं भरा. फिल्टर आणि वाटा भरताना थोडं उतरतंच.

पहिले ५०० किलोमीटर मी गाडी घाटात नेली नाही, पाचगणीच्या डॉक्टरांना एसटीने जाऊन भेटलो. ५०० ला ऑइल काढलं, तर चुंबकावर राखाडी मलमासारखा पातळ थर आला. वस्ताद म्हणाले, नव्या रिंगांचं आहे. १५०० ला परत काढलं. बनियनचं फडकं नुसतं काळं झालं, चमक कुठेच नव्हती.