मॅकवरचा देवनागरी फॉन्ट विंडोजवर नेताना

आधी एक गोष्ट पक्की करा: फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ (.ttf, .otf) असेल तर तिचा प्रकार बदलायची गरज नाही. तीच फाइल मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हीकडे उघडते. तरीही लोक ती ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकतात आणि चांगला फॉन्ट बिघडवून घेतात. तसं करू नका.

खटपट लागते ती सूटकेस आणि डीफॉन्ट (.dfont) या मॅकच्या जुन्या फॉन्ट-फायलींना. सूटकेसमधला फॉन्ट रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे फाइलच्या फक्त मॅकला कळणाऱ्या वेगळ्या कप्प्यात असतो, त्यामुळे विंडोजवर नेल्यावर फाइल शून्य बाइटची दिसते. तिच्यातला फॉन्ट मॅकवरच बाहेर काढा.

त्यासाठी मी फॉन्टटूल्स (fontTools) ही पायथनमधली साधनं वापरतो. फॉन्टफोर्ज हा फॉन्ट-एडिटर सोपा आहे, पण तो फॉन्ट नव्यानं बांधतो. फॉन्टटूल्स आतले तक्ते (फॉन्टमधल्या माहितीचे भाग) जसेच्या तसे ठेवतं. डीफॉन्टमधला कितवा फॉन्ट हवा ते सांगताना मोजणी १ पासून करा, टीटीसीत (.ttc, अनेक फॉन्टची एकत्र फाइल) मात्र ० पासून. टीटीएफ म्हणून सेव्ह करा.

खरी अडचण इथून पुढे. देवनागरीची जोडाक्षरं फॉन्टच्या आतल्या नियमांनी जुळतात. ओपनटाइप या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत हे नियम 'जीसब' (GSUB) तक्त्यात असतात, ॲपलच्या जुन्या पद्धतीत 'मॉर्क्स'मध्ये (morx). विंडोजची स्वतःची यंत्रणा मॉर्क्स वाचत नाही. लिब्रेऑफिस अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाची यंत्रणा वापरतं आणि हार्फबझला मॉर्क्स कळतं. मी इथेच फसलो होतो. लिब्रेऑफिसमध्ये सगळं सुरेख दिसलं म्हणून फॉन्ट आणि मजकूर छपाईला दिला. तिकडे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक जोडाक्षर पाय मोडून सुटं पडलं. पत्रिका पुन्हा लावावी लागली, दोन दिवस गेले.

म्हणून फॉन्टटूल्ससोबत येणाऱ्या टीटीएक्सनं (ttx) दाखवलेल्या तक्त्यांच्या यादीत जीसब आहे का ते आधी बघा. नसेल तर तो फॉन्ट सोडून द्या. फाइलचा प्रकार बदलून जीसब तयार होत नाही, ते नियम कुणीतरी बसून लिहावे लागतात. त्यापेक्षा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत.

जीसब असला तरी नोटपॅडमध्ये 'दऱ्या, सूर्य, स्त्री, क्षत्रिय, ज्ञान, कर्त्याला' एवढं टाइप करून पाहाच. 'दऱ्या'तला र आधी बघा, बिघाड बऱ्याचदा तिथेच सापडतो.

विंडोजवर राइट क्लिक करून इन्स्टॉल. लिनक्सवर होम फोल्डरातल्या .local/share/fonts मध्ये टाकून fc-cache ही आज्ञा चालवा. विकतचा फॉन्ट असेल तर परवाना आधी वाचा. कित्येकांत फाइल बदलायलाच मनाई असते.